ब्राउन्सची रखडलेली ऑफेन्स आणि अमेरिकन फुटबॉलचा सीझन पास

अमेरिकन फुटबॉलचा सीझन पास, म्हणजे हंगामाचे सामने अ‍ॅपवर बघायची वर्गणी, इथे भारतात बसून घ्यावा का, असं कंपनीतल्या दोघातिघांनी विचारलं. घ्यावा. पण थेट सामन्यांसाठी नाही. सामना झाल्यावर त्यात जी कोचेस फिल्म येते, तिच्यासाठी घ्यावा. माझी टीम वर्षानुवर्षं हरत आली आहे आणि ती नेमकी कुठे हरते ते मला त्या फिल्ममुळे दिसायला लागलं. त्यामुळे राग कमी झाला नाही, पण तो आता योग्य जागी जातो.

टीम म्हणजे क्लीव्हलँड ब्राउन्स. मी छत्रपती संभाजीनगरात सिडकोला राहते आणि वाळूजला टूल डिझाइनचं काम करते. कंपनीने मध्यंतरी ऑहायोत अ‍ॅक्रनजवळच्या एका प्लांटला पाठवलं होतं. तिथे सोमवारी सकाळी मशीन सुरू होण्याआधी कालच्या सामन्याचा पंचनामा व्हायचा. कोण चुकलं, कोणाला बसवा, कोच अजून कशाला ठेवलाय. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ही माणसं एवढ्या जीव तोडून कशावर भांडतात ते बघायला मी रविवारी त्यांच्यात बसायला लागले. १९९५ मध्ये मालकाने टीम उचलून बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं, तीन हंगाम शहराला टीमच नव्हती, १९९९ मध्ये ती परत उभी राहिली, हे तिथल्या प्रत्येकाने मला स्वतःहून सांगितलं. सांगताना आवाज चढायचा. मग मीही त्यांच्यातली झाले. परत आल्यावर इथे या खेळाचं नाव काढायला कोणी नव्हतं, म्हणून पास घेतला.

खेळ माहीत नसेल तर एवढं लक्षात घ्या. अकरा विरुद्ध अकरा. ज्यांच्याकडे चेंडू ती ऑफेन्स. तिला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेली तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. प्रत्येक प्रयत्न स्नॅपने सुरू होतो. मधला खेळाडू चेंडू दोन पायांतून मागे देतो, तो क्वार्टरबॅकच्या हातात येतो, आणि पळणाऱ्याच्या हातात द्यायचा, लांब फेकायचा (यालाही पासच म्हणतात) की स्वतः घेऊन पळायचं हे त्याने दोन-अडीच सेकंदांत ठरवायचं. त्याच्यासमोर पाच धिप्पाड माणसं त्याला वाचवायला उभी असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. तिच्या दोन टोकांना उभे असतात ते टॅकल. लाइन फुटून क्वार्टरबॅक चेंडूसकट आडवा झाला की तो सॅक. चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेला की टचडाउन. ज्यांच्याकडे चेंडू नाही ती डिफेन्स. पुढचं सगळं एवढ्यावर कळेल.

आता पास. आधी वेळांचं बघा. रविवारचे बरेचसे सामने तिकडे दुपारी एकला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेअकराला. रविवार, सोमवार आणि गुरुवारच्या रात्रीचे सामने आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाच्या सुमारास लागतात, नोव्हेंबरनंतर पावणेसातला. पडत्या टीमला हे रात्रीचे मानाचे सामने कमीच मिळतात, त्यामुळे माझ्या वाट्याला बहुतेक रविवारची रात्र येते. सामना तीन तासांच्या पुढे जातो आणि सोमवारी सकाळी कंपनीची बस चुकवून चालत नाही. तेव्हा थेट बघण्यासाठी कोणी पैसे भरणार असेल तर आधी स्वतःची शिफ्ट बघावी.

चित्र चांगलं आहे, टीव्हीवरही आणि मोबाइलवरही. आमच्या भागात पावसाळ्यात लाइट गेली की राउटर बंद पडतो. मी त्याला छोटा यूपीएस लावून घेतला. नेटवाल्याचं मात्र काही करता येत नाही. सामन्याची शेवटची दोन मिनिटं राहिली असताना नेट गेलं आणि फोनवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, सकाळी बघू.” तो दोष पासाचा नाही, पण मराठवाड्यातून घेणाऱ्याने यूपीएस आणि मोबाइलच्या जादा डेटाचा खर्च धरूनच घ्यावा.

पासाचा स्वतःचा एक दोष मला फार खुपतो. “स्कोअर लपवा” असं बटण आहे. ते चालू ठेवलं तरी सकाळी अ‍ॅप उघडलं की पहिल्याच पानावर जिंकलेल्या टीमचे खेळाडू उड्या मारताना दिसतात. आकडा लपवला आणि फोटो ठेवला, तर लपवलं काय? रात्री झोपून सकाळी सामना बघणारा माणूस मुख्यतः आपल्या बाजूच्या देशांतलाच असणार, आणि त्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. मी आता मुख्य पानावर न जाता सरळ टीमच्या पानाची खूण करून ठेवली आहे, तिथून उघडते. शोधायची सोयही कच्ची आहे. जुना सामना आठवड्याच्या क्रमांकाने सापडतो, खेळाडूच्या नावाने सापडत नाही. समालोचन इंग्रजीत असतं, त्याची मला अडचण नाही.

छोटी आवृत्ती मात्र मनापासून आवडली. दोन स्नॅपमधला वेळ, जाहिराती, टाइमआउट सगळं काढून सामना पाऊण तासात बसवलेला असतो. सोमवारी संध्याकाळी भाकरी टाकून झाली की जेवता जेवता तो संपतो. नव्याने खेळ शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

आणि मग कोचेस फिल्म, जिला तिकडे ‘ऑल ट्वेंटीटू’ म्हणतात, कारण त्यात बावीसच्या बावीस खेळाडू पूर्ण वेळ दिसतात. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. क्वार्टरबॅकने चेंडू फेकला, कोणी नव्हतं तिथे जाऊन पडला, की समालोचक म्हणतो वाईट पास, आणि घरोघरी लोक म्हणतात याला काढा. फिल्ममध्ये समालोचक नसतो. प्रत्येक प्रयत्न दोनदा दाखवतात, एकदा बाजूने उंचावरून, एकदा गोलाच्या मागून. मी मागचा कोन लावते, वेग कमी करते आणि पहिल्यांदा डाव्या टॅकलचे पाय बघते. पहिलं पाऊल सरळ मागे पडलं तर तो अजून खेळात आहे. घाईत कंबर बाहेरच्या बाजूला वळली की समोरच्या धावणाऱ्याला आतली वाट मोकळी झाली, आणि ती वाट थेट क्वार्टरबॅकच्या छातीवर जाते. मग तोच प्रयत्न परत लावून क्वार्टरबॅकचं हेल्मेट बघते. तोंड कुठे आहे? पहिल्या खेळाडूवरच खिळलं आहे की दुसऱ्या, तिसऱ्याकडे वळलं? वळायला वेळ होता का? एका प्रयत्नाला मला पाच-सहा मिनिटं लागतात, पण त्यानंतर तो प्रयत्न कोणाच्या गळ्यात घालायचा ते कळतं.

ब्राउन्सचे निर्णय या फिल्मसमोर ठेवून बघितले की माझा जीव तुटतो.

१९९९ पासून या टीमने सामन्याच्या सुरुवातीला उभे केलेले क्वार्टरबॅक चाळीसच्या पुढे गेले आहेत. २०१७ मध्ये सोळापैकी सोळा सामने हरले. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सगळ्यांत आधी निवडायचा हक्क मिळाला आणि बेकर मेफील्ड आला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला जेट्सविरुद्ध तो दुसऱ्या क्वार्टरमध्ये मैदानात उतरला आणि २१-१७ अशी टीम जिंकली, ६३५ दिवसांनी. २०२० च्या हंगामात ११ विजय, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, पिट्सबर्गला पिट्सबर्गमध्ये जाऊन ४८-३७ ने हरवलं. पुढच्या वर्षी त्याच्या खांद्याला दुखापत झाली, तो त्याच खांद्याने खेळत राहिला, खेळ खाली आला. हाडामांसाचा माणूस आहे, बरा होऊ द्यायला हवा होता.

त्याऐवजी मार्च २०२२ मध्ये ह्यूस्टनहून डेशॉन वॉटसनला आणलं. त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीच्या तीन निवडी दिल्या आणि वर पाच वर्षांचा तेवीस कोटी डॉलरचा करार केला, त्यातला प्रत्येक डॉलर हमीचा. तेव्हा त्याच्यावर वीसहून अधिक महिलांनी गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले होते. त्याने आरोप नाकारले, फौजदारी खटला उभा राहिला नाही, बहुतेक दावे तडजोडीने मिटले, पण लीगने त्याला ११ सामने बाहेर बसवलं आणि ५० लाख डॉलर दंड केला. ही बाजू सोडून नुसतं खेळावर बोला, असं मला तिकडचे काही चाहते सांगतात. मी सोडत नाही. टीम मोठा निर्णय घेते तेव्हा ती चाहत्यांना काय सांगते आहे, तेही त्या निर्णयातच असतं. त्या दिवशी माझ्यासारख्या बायकांना जे सांगितलं गेलं ते मला आवडलं नाही.

आणि खेळाचं म्हणाल तर मेफील्डने २०२४ मध्ये टँपा बेसाठी ४,५०० यार्ड आणि ४१ टचडाउन पास केले.

२०२३ चा हंगाम मी फिल्मवर सगळ्यांत जास्त वेळा बघितला आहे, कारण उत्तर त्यातच आहे. वॉटसनचा खांदा नोव्हेंबरमध्ये गेला. टीमने घरी बसलेल्या ३८ वर्षांच्या जो फ्लॅकोला बोलावलं. दोन्ही मुख्य टॅकल दुखापतीने बाहेर, म्हणजे लाइन राखीव खेळाडूंची. तरी फ्लॅकोने पाचपैकी चार सामने जिंकले, त्यातल्या सलग चार सामन्यांत तीनशेच्या वर यार्ड काढले आणि टीम प्लेऑफला गेली. हे कसं झालं? फिल्म बघा. पळणाऱ्याला चेंडू देतोय असं दाखवायचं, समोरचे दोन पावलं पुढे आले की मागे लांब फेकायचा. फ्लॅको पळू शकत नाही, तर त्याला पळायला लावलंच नाही. त्याच्या हाताला जे जमतं तेवढंच मागितलं. लाइनचे कोच बिल कॅलाहन यांनी राखीव माणसांकडून दोन सेकंद मिळवून दिले, आणि फ्लॅकोला दोन सेकंद पुरतात. प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने ४५-१४ असं धुतलं, त्यात फ्लॅकोचे दोन पास समोरच्यांनी पकडून टचडाउनपर्यंत नेले, तेही खरं आहे. तो देव नव्हता. पण ती ऑफेन्स कोणासाठी आणि का रचली होती हे स्पष्ट दिसत होतं.

मग हंगाम संपल्यावर काय केलं? ऑफेन्सची आखणी बघणारे कोऑर्डिनेटर अ‍ॅलेक्स व्हॅन पेल्ट यांना काढलं. कॅलाहन टेनेसीला मुलाच्या हाताखाली गेले. फ्लॅकोला जाऊ दिलं. वॉटसनला सोयीची पडेल अशी नवी रचना केन डॉर्सी यांच्याकडून करून घेतली. २०२४ च्या पहिल्या सात सामन्यांत या ऑफेन्सच्या टीमने एकदाही वीस गुण गाठले नाहीत: १७, १८, १५, १६, १३, १६, १४. वॉटसन त्या सात सामन्यांत ३३ वेळा सॅक झाला. यातले काही सॅक निव्वळ त्याचे आहेत. चेंडू फेकायला हवा तिथे तो धरून बसतो, मोकळा खेळाडू समोर असताना त्याचं हेल्मेट दुसरीकडे असतं. पण निम्म्याहून अधिक वेळा मागच्या कोनातून बघितलं तर त्याचा मागचा पाय टेकायच्या आत कोणीतरी अंगावर आलेलं असतं.

आमच्याकडे प्रेसवर पार्ट वाकडा यायला लागला तर आम्ही ऑपरेटर बदलत नाही, आधी डाय उतरवून बघतो. ब्राउन्सने इतकी वर्षं ऑपरेटरच बदलले.

वॉटसनच्या टाचेमागची शीर (अकिलीस) २० ऑक्टोबरला तुटली आणि पुढच्या रविवारी जेमिस विन्स्टनने बाल्टिमोरविरुद्ध २९-२४ असा सामना काढला. आठवडा एकच गेला. मला दिसलेला मोठा फरक हा की चेंडू लवकर हातातून सुटत होता आणि डॉर्सी आता स्वतः खेळ सांगत होते. मग ३ डिसेंबरच्या मंगळवारी सकाळी डेन्व्हरचा सामना मी थेट बघितला. विन्स्टनने ४९७ यार्ड काढले, ब्राउन्सच्या इतिहासात एका सामन्यात कोणी काढले नव्हते एवढे. जेरी ज्यूडीने आपल्या जुन्या टीमविरुद्ध २३५ यार्ड घेतले. आणि तरी हरलो, ४१-३२. निक बोनिटो आणि जाक्वान मॅकमिलियन यांनी विन्स्टनचे पास पकडून सरळ टचडाउनला नेले, दुसरा तर शेवटच्या दोन मिनिटांत, स्कोअर ३४-३२ असताना. बस पकडायला निघाले तेव्हा हात थरथरत होते.

बाबांबद्दल इथे लिहायला हवं, कारण पासाचा निम्मा उपयोग आता त्यांचा आहे. ते गंगाखेडजवळच्या गावी असतात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत शेतातलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, पंचनामा झाला आणि मी त्यांना काही दिवस इकडे घेऊन आले. मन कुठे लागत नव्हतं. ५ ऑक्टोबरला ब्राउन्सचा सामना लंडनला होता, म्हणजे आपल्याकडे रविवारी संध्याकाळी सातला. पूर्ण हंगामातला माणसांच्या वेळेचा हा एकच सामना. मी लावला, ते शेजारी बसले. तरुणपणी कबड्डीच्या टीममध्ये होते, त्यामुळे रेघेवरची झटापट त्यांना लगेच समजते. चेंडू कुठे गेला याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाले, “माय, ह्या पोराला हुबं ऱ्हायाला जागा तरी देतेत का हे? काठावरचा गडी बघ, दर बारीला मागं रेटला जातोय.”

मला हे कळायला फिल्मचा मागचा कोन लागतो. त्यांना नुसत्या टीव्हीवर दिसलं.

ते पोर म्हणजे डिलन गॅब्रिएल, तिसऱ्या फेरीत घेतलेला नवखा, सुरुवातीपासून उतरवलेला त्याचा हा पहिलाच सामना. दोन टचडाउन पास, समोरच्यांनी एकही पास पकडला नाही, आणि तरी शेवटच्या अर्ध्या मिनिटात मिनेसोटाने टचडाउन करून २१-१७ असा सामना नेला. दोनच दिवसांनी टीमने फ्लॅकोला सिनसिनाटीला देऊन टाकलं. हो, तोच फ्लॅको. २०२५ साठी त्याला परत आणलं होतं, चार सामने खेळवलं आणि त्याच राज्यातल्या, त्याच गटातल्या टीमला दिलं. वसुबारसेच्या सकाळी, १७ ऑक्टोबरला, त्याने सिनसिनाटीकडून पिट्सबर्गला ३३-३१ ने हरवलं, ३४२ यार्ड आणि तीन टचडाउन. बाबा चहा घेत बघत होते. “हा आपलाच म्हातारा न्हवं का? मग आपुन कामून सोडला?” मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही, कारण उत्तर नाहीच.

एकाच ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅक घेतले, गॅब्रिएल तिसऱ्या फेरीत आणि शेड्यूर सँडर्स पाचव्या फेरीत. उन्हाळी सरावात फ्लॅको आणि केनी पिकेट धरून चौघांत चेंडू वाटला. पहिल्या फळीबरोबर सराव जेवढा असतो तेवढाच असतो, तो चौघांत वाटला की कोणालाच पुरत नाही. १६ नोव्हेंबरला गॅब्रिएलच्या डोक्याला मार लागला आणि सँडर्सला मध्येच उतरवलं. पहिल्या फळीबरोबर त्याचा सराव जवळजवळ झालेलाच नव्हता. १६ पैकी ४ पास जमले. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण सराव दिला तर लास व्हेगसला जाऊन २४-१० ने जिंकला. यात सँडर्सचं मोठेपण किती आणि डिफेन्सने केलेल्या दहा सॅकचं किती, यावर वाद घालता येईल, मीही घालते. पण आठवडाभराच्या सरावाने काय होतं ते तरी मान्य करा.

आणि ७ डिसेंबरचा टेनेसीचा सामना. रविवारी रात्री साडेअकराला सुरू झाला, बाबा तेव्हा गावी परतले होते, मी एकटी बसले होते. सँडर्सने ३६४ यार्ड काढले, तीन टचडाउन पास दिले, एक स्वतः पळून केला. शेवटच्या टचडाउननंतर स्कोअर ३१-२९. बरोबरी साधायला दोन गुणांचा एक प्रयत्न, रेषेपासून दोन यार्डांवर. ज्या पोराने टीमला तिथवर आणलं त्याला बाहेर बसवलं आणि स्नॅपचा चेंडू थेट क्विनशॉन जडकिन्स या पळणाऱ्या खेळाडूला देऊन हातोहात फिरवायचा खेळ केला. फसला. सामना गेला.

मी तो प्रयत्न फिल्मवर पुन्हापुन्हा बघितला आहे. खेळ फसतो, ते समजू शकते. पण मैदानात क्वार्टरबॅक नसला की समोरच्या अकरा जणांना पासची भीती उरत नाही. ते सगळे पळणाऱ्यावर धावतात, आणि उंचावरच्या कोनातून ते धावणं पहिल्या पावलापासून दिसतं. ज्या माणसाकडून शिकायची, निर्णय घेण्याची अपेक्षा करता, त्याच्या हातून सगळ्यात मोठा निर्णय तुम्ही काढून घेतला. चूक करायचीच होती तर त्याची त्याला करू द्यायची, म्हणजे पुढच्या वेळी त्याच्या उपयोगी पडली असती.

हे सगळं चालू असताना डिफेन्समध्ये माइल्स गॅरेटने त्याच हंगामात २३ सॅक करून लीगचा विक्रम मोडला. एवढा खेळाडू पदरी असताना टीम तळाशी. २००७ ते २०१७ इथे जो थॉमस डाव्या टॅकलला उभा राहिला, १०,३६३ स्नॅप एकही न चुकवता, आणि त्याला एकही प्लेऑफ सामना खेळायला मिळाला नाही. गॅरेटचं तसं होऊ नये असं मला फार वाटतं. हंगाम संपताच कोच केविन स्टेफान्स्की यांना काढलं. दोनदा वर्षातला सर्वोत्तम कोच ठरलेला माणूस. आता पुन्हा नवी रचना, नवी भाषा, आणि क्वार्टरबॅकने सगळं पहिल्यापासून शिकायचं. माझी मागणी साधी आहे. जो कोणी निवडाल त्याला सतराच्या सतरा सामने द्या, आणि त्याच्या आधी दोन टॅकल नीट आणा.

पैसे भरण्याबद्दल थोडं. आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड लागतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तो बंद असेल तर पैसे अडकतात, आधी बघून घ्या. आपोआप नूतनीकरणाची खूण आधीपासून लावलेली असते. नको असेल तर काढा. पंधरा हजारांच्या वरची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ओटीपीशिवाय आपोआप जात नाही, त्याखालची जाऊ शकते. सगळ्यात स्वस्त योजनेत कोचेस फिल्म नाही. माझ्या दृष्टीने ती योजना घेण्यात अर्थ नाही, पण तुम्हाला फक्त रविवारचे क्षणचित्रं बघायची असतील तर तेवढी पुरेल. एका वेळी दोन ठिकाणी चालतो. मी सिडकोत आणि बाबा गंगाखेडला असा आम्ही तो वापरतो, बाबा मोबाइलवर छोटी आवृत्ती बघतात आणि मग फोन करतात.

पाचपैकी चार गुण देते. एक त्या पहिल्या पानावरच्या फोटोसाठी कापला.

घ्यायचा असेल तर ऑगस्ट सुरू व्हायच्या आत घ्या, सप्टेंबरची वाट बघू नका. ऑगस्टमधले सराव सामने लोक टाळतात, कारण मुख्य खेळाडू त्यात फारसे नसतात. पण राखीव टॅकल तेव्हाच जास्त वेळ खेळतात, आणि नोव्हेंबरात दुखापती सुरू झाल्या की क्वार्टरबॅकसमोर तेच उभे राहणार असतात. त्यांचे पाय ऑगस्टमध्येच बघून ठेवता येतात.